अंड्यातून निघालेले राजे: कोरियाच्या राज्यस्थापनेच्या कथा इतिहास म्हणून कशा वाचायच्या

प्रश्न थोडक्यात असा: कोरियातल्या जुन्या राज्यांच्या स्थापनेच्या कथांमध्ये (अस्वलीपासून जन्मलेला दान्गुन, अंड्यातून निघालेला जुमोंग, अयोध्येहून आलेली राणी) इतिहास किती आणि कल्पना किती? आणि इ.स.पू. २३३३, इ.स.पू. ५७ अशी नेमकी सालं दिलेली असतात, ती खरी मानायची का?

सालांचं आधी सांगतो, कारण बहुतेक जण तिथेच फसतात. स्थापनेची कथा ज्या काळाबद्दल बोलते, त्या काळाचा ती पुरावा नसते. ज्या काळात ती कोणीतरी दगडावर कोरली किंवा ग्रंथात उतरवली, त्या काळाचा ती पुरावा असते, आणि तिथे ती अव्वल दर्जाची साक्षीदार ठरते. म्हणून कुठलीही कथा हातात घेतली की पहिला प्रश्न ‘हे कधी घडलं?’ हा नको. ‘हे कधी लिहिलं गेलं, कोणी लिहिलं आणि त्या वेळी त्याला याची गरज का होती?’ हे आधी विचारावं.

त्यासाठी साधनं कोणती ते पक्कं हवं. कोरियात लिहिलेले आणि आज हाती असलेले दोन मुख्य ग्रंथ म्हणजे ११४५ साली किम बु-सिक या दरबारी विद्वानाने सिद्ध केलेला ‘सामगुक सागी’ आणि १२८०च्या दशकात इरयोन या बौद्ध भिक्षूने संकलित केलेला ‘सामगुक युसा’. दोन्ही गोर्यो राजवटीतले. म्हणजे ज्या राज्यांबद्दल ते लिहितात, ती केव्हाच लयाला गेलेली होती: बेक्जे ६६० मध्ये, गोगुर्यो ६६८ मध्ये, शिल्ला ९३५ मध्ये. (नावांत गोंधळू नका. गोगुर्यो हे प्राचीन राज्य, गोर्यो ही ९१८ ते १३९२ ची राजवट.) सागी सांगते की शिल्ला इ.स.पू. ५७ मध्ये, गोगुर्यो इ.स.पू. ३७ मध्ये आणि बेक्जे इ.स.पू. १८ मध्ये स्थापन झालं. घटना आणि नोंद यांत बाराशे वर्षांचं अंतर. मधल्या काळातले ग्रंथ होते, पण ते हरवले. उरलं ते चिनी इतिहासग्रंथांतलं वर्णन, काही शिलालेख आणि जमिनीखालचं.

आता एकेक कथा. सुरुवात गोगुर्योपासून करावी, कारण तिथे पुरावा सगळ्यात भक्कम आहे आणि पद्धत शिकायला तोच धडा सोपा.

आज चीनच्या जीलिन प्रांतातल्या जीआन गावाजवळ ग्वांगेतो राजाचा स्तंभलेख उभा आहे. उंची ६.३९ मीटर, चारही बाजूंनी मिळून सुमारे १,७७५ अक्षरं. ४१४ साली त्याच्या मुलाने, जांगसू राजाने तो उभारला. लेख सुरूच होतो तो मूळपुरुष चुमोपासून (हाच नंतरच्या ग्रंथांतला जुमोंग): तो उत्तर बुयोहून आला, स्वर्गाधिपतीचा पुत्र, आई नदीच्या देवाची कन्या, अंडं फोडून तो जगात उतरला. दक्षिणेकडे जाताना मोठी नदी आडवी आली. त्याने काठावर उभं राहून आपली ओळख सांगितली आणि आज्ञा केली. लगेच बोरू एकमेकांत गुंतले, कासवं वर आली आणि पूल झाला. पुढे जोल्बोनच्या पश्चिमेला डोंगरावर त्याने राजधानी वसवली आणि शेवटी एका पिवळ्या ड्रॅगनच्या मस्तकावर उभा राहून स्वर्गाला गेला.

इथे आपल्याला काय नक्की कळतं? जुमोंग होता की नाही, ते नाही. पण ४१४ साली गोगुर्योचं राजघराणं स्वतःला सूर्य-स्वर्ग आणि नदी यांच्या संयोगातून आलेलं मानत होतं आणि ते जाहीरपणे दगडावर कोरत होतं, हे निश्चित. त्याच परिसरातल्या मोदुरू नावाच्या एका अधिकाऱ्याच्या थडग्यातल्या पाचव्या शतकातल्या लेखातही चुमोला ‘नदीदेवाचा नातू, सूर्य-चंद्राचा पुत्र’ म्हटलंय. म्हणजे कथा दरबारापुरती नव्हती. चाकरी करणारी घराणीही आपल्या पूर्वजांची निष्ठा तिच्या आधारे सांगत होती. शिवाय स्तंभलेखातले पहिले तीन राजे, चुमो, युर्यु आणि देजुर्यु, सागीतल्या पहिल्या तीन राजांशी जुळतात. सातशे वर्षांनी लिहिलेला ग्रंथ आणि दगड जुळावेत, याचा अर्थ सागीच्या हाती गोगुर्योची खरी जुनी वंशावळ पोचली होती. सागीला सरसकट बनावट ठरवणाऱ्यांनी हे आधी पाहावं.

या स्तंभलेखाच्या कागदावर घेतलेल्या ठशांबाबत एक सावधगिरी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तो पुन्हा उजेडात आल्यावर ठसे घेणाऱ्यांनी अक्षरं उठून दिसावीत म्हणून दगडाला चुना लावला आणि काही अक्षरं त्यात बदलली. ३९१ सालच्या जपानसंबंधीच्या ओळीवरून शंभर वर्षं वाद चाललाय तो त्यामुळेच. चुना लावण्याआधीचे ठसे वेगळे ओळखून तेच वापरायचे असतात. स्थापनेची कथा मात्र सुरुवातीच्या सुस्थितीतल्या भागात आहे, तिच्या वाचनावर तसा वाद नाही.

आता दुसरी पायरी: तीच कथा आणखी कुठे सापडते? इथे खरी गंमत आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला चिनी लेखक वांग चुंग याच्या ‘लुनहेंग’ या ग्रंथात जवळजवळ हीच कथा येते, पण गोगुर्योची म्हणून नाही! उत्तरेकडच्या एका राजाची दासी. कोंबडीच्या अंड्याएवढं तेज तिच्यावर उतरतं आणि तिला दिवस जातात. बाळ डुकरांच्या खुराड्यात टाकतात, डुकरं त्याला श्वासाने ऊब देतात. घोड्यांच्या पागेत टाकतात, घोडेही तेच करतात. मुलगा धनुर्धारी होतो, राजा त्याच्या जिवावर उठतो, तो दक्षिणेला पळतो, नदीवर धनुष्य आपटतो, मासे आणि कासवं पूल करतात. आणि तो बुयोचा राजा होतो. नाव दोंगम्योंग.

म्हणजे गोगुर्योने बुयोची कथा उचलली. बुयो हे त्याच्या उत्तरेचं जुनं, प्रतिष्ठित राज्य. गोगुर्यो सामर्थ्याने पुढे गेलं, पण कुळाची प्रतिष्ठा बुयोकडे होती. ती घेण्याचा सोपा मार्ग म्हणजे बुयोच्या मूळपुरुषाची कथाच आपल्या मूळपुरुषाला चढवणं. सागीत तर जुमोंगला ‘पवित्र राजा दोंगम्योंग’ हीच पदवी आहे. पुढे ४९४ मध्ये उरलंसुरलं बुयो गोगुर्योत विलीन झालं, तोवर कथा केव्हाच विलीन झाली होती. तरी दोन्ही कथा एक नाहीत. बुयोच्या कथेत अंडं ही फक्त उपमा आहे. गोगुर्योच्या कथेत आई खरंच अंडं घालते आणि ती दासी न राहता नदीदेवाची कन्या होते. मूळ कथेवर गोगुर्योने काय वाढवलं ते या फरकात दिसतं: आईकडचा दैवी वंश.

हे आईकडचं प्रकरण महत्त्वाचं आहे. ई ग्यु-बो या कवीने ११९३ मध्ये जुमोंगवर दीर्घ काव्य लिहिलं, ते आज हरवलेल्या एका जुन्या इतिहासग्रंथाच्या आधारे. त्यात पळून निघालेल्या मुलाला आई युह्वा पाच धान्यांचं बियाणं देते. निरोपाच्या हुंदक्यात सातू विसरतात, तर ते ती पारव्यांच्या चोचीतून पाठवते. चांगला घोडा निवडून त्याच्या जिभेत सुई टोचण्याची युक्तीही तिथेच आहे: घोडा चरेनासा होतो, रोडावतो, आणि राजा तो निरुपयोगी म्हणून जुमोंगला देऊन टाकतो. चिनी ग्रंथ सांगतात की गोगुर्योत दोन देवळं होती. एकात लाकडी स्त्रीमूर्ती आणि दुसऱ्यात मूळपुरुष. लोक त्यांना नदीदेवाची कन्या आणि जुमोंग म्हणत. दहाव्या महिन्यात दोंगमेंग नावाचा मोठा सामूहिक उत्सव होई. या साऱ्यावरून युह्वा ही धान्यमाता होती आणि तिची पूजा होत असे, हे उघड दिसतं. कथा पुस्तकात नंतर आली, आधी ती देवळात आणि उत्सवात होती.

जोल्बोन कुठे, हेही सांगता येतं. ल्याओनिंग प्रांतात ह्वानरेनजवळ उभ्या कड्यांचा, माथ्यावर सपाट असलेला वुन्यु डोंगर आहे. त्यावरच्या तटबंदीला गोगुर्योची पहिली राजधानी मानलं जातं. २००४ पासून तो जागतिक वारशाच्या यादीत आहे. पण इ.स.पू. ३७ हे साल अडखळवतं. हान साम्राज्याने इ.स.पू. १०७ मध्ये स्थापलेल्या श्वान्थु प्रांतात ‘गोगुर्यो’ नावाचा तालुका आधीच होता. म्हणजे ते नाव आणि ते लोक ‘स्थापने’च्या सत्तर वर्षं आधीपासून तिथे होते. मग इ.स.पू. ३७ मध्ये काय झालं? फार तर सत्ता एका घराण्याकडून दुसऱ्याकडे गेली. जुमोंगने बिर्यु राज्याच्या सोंगयांगला धनुर्विद्येत हरवून अंकित केल्याची कथा बहुधा याचंच रूप आहे.

बेक्जेची कथा आटोपशीर आहे. अंडं नाही, चमत्कार नाही. जुमोंगचे दोन मुलगे, बिर्यु आणि ओन्जो, सावत्र भाऊ वारस ठरल्यावर दक्षिणेला निघतात. थोरला समुद्रकाठी मिचुहोलला (आजचं इंचॉन) राहतो. तिथली जमीन ओलसर, पाणी खारट, लोकांचं बस्तान बसत नाही. धाकटा हान नदीकाठी विर्ये इथे वसतो आणि त्याचं राज्य फळतं. थोरला पश्चात्तापाने मरतो. सागी लगेच कथेचा दुसरा पाठही देते: त्यात संस्थापक बिर्यु, वडील जुमोंग नव्हे तर उते, आणि सगळी सूत्रं आई सोसोनोच्या हाती. चिनी ग्रंथ तिसराच संस्थापक सांगतात, गुते. तीन संस्थापक म्हणजे निदान दोन गट, ज्यांच्यात पुढे एकी झाली आणि ती भावाभावांच्या नात्याच्या भाषेत सांगितली गेली. सगळ्या पाठभेदांत समान धागा एकच: आम्ही बुयोचे. राजघराण्याचं आडनाव बुयो. ४७२ मध्ये गेरो राजाने चीनमधल्या उत्तर वेई राजवटीच्या दरबाराला पत्र पाठवलं, त्यात गोगुर्योशी वैर असूनही ‘आमचा आणि त्यांचा उगम एकच, बुयो’ असं लिहिलं. ५३८ मध्ये सोंग राजाने राजधानी साबीला हलवली आणि राज्याचं नावच ‘दक्षिण बुयो’ केलं. सोलमध्ये सोकचोन-दोंग इथल्या पायऱ्यापायऱ्यांच्या दगडी समाध्या गोगुर्योच्या धाटणीच्या आहेत, म्हणजे उत्तरेकडून आल्याचा दावा अगदीच हवेतला नव्हता. तरीही तिसऱ्या शतकाच्या चिनी नोंदीत बेक्जे हे ‘मा-हान’ नावाच्या प्रदेशातल्या ५४ छोट्या राज्यांपैकी फक्त एक आहे. इ.स.पू. १८ मध्ये मोठं राज्य वगैरे काही नव्हतं.

आता शिल्ला. सहा गावांचे प्रमुख इ.स.पू. ६९ मध्ये राजा शोधायला जमतात. नाजोंग विहिरीजवळ पांढरा घोडा गुडघे टेकून बसलेला. समोर मोठं अंडं. त्यातून निघालेलं मूल ह्योकगोसे. अंडं भोपळ्यासारखं, आणि भोपळ्याला ‘बाक’ म्हणतात, म्हणून आडनाव बाक. वयाच्या तेराव्या वर्षी तो राजा होतो. राणी आर्योंग एका कोंबडीसारख्या ड्रॅगनच्या कुशीतून जन्मते. तिचे ओठ चोचीसारखे, नदीत न्हाऊ घातल्यावर चोच गळते.

इथे कालगणना तपासण्याची युक्ती कामाला येते. पूर्व आशियात साठ संवत्सरांचं चक्र चालतं आणि त्याचं पहिलं वर्ष गाप्जा. इ.स.पू. ५७ हे गाप्जा. ह्योकगोसे राज्याच्या ६१ व्या वर्षी मरतो, इ.स. ४ मध्ये. ते पुढचं गाप्जा! राजवट चक्राच्या पहिल्या वर्षी सुरू, पुढच्या चक्राच्या पहिल्या वर्षी समाप्त. इतकं नीटनेटकं आयुष्य कोणाचं नसतं. हे साल कोणीतरी नंतर बसवलेलं आहे. आणि शिल्लाला तिन्ही राज्यांत थोरलेपण द्यायचं होतं, हेही विसरू नका: तिघांत शेवटी जिंकलं तेच होतं आणि किम बु-सिक स्वतः ग्योंगजूच्या (शिल्लाच्या राजधानीच्या) किम घराण्यातला, म्हणजे शिल्लाच्या राजकुळाचा वंशज. सागीतले पहिल्या काही शतकांतले राजे किती वर्षं राज्य करतात ते मोजायची सवय ठेवा. आकडे माणसाच्या आयुष्यापलीकडे ताणलेले दिसले की समजायचं, माहीत असलेली नावं हव्या असलेल्या प्राचीनतेपर्यंत खेचली आहेत.

शिल्लाला एक नाही, तीन मूळपुरुष आहेत. दुसरा सोक ताल्हे: दूरच्या समुद्रापलीकडे अंड्यातून जन्मलेला, पेटीत घालून पाण्यात सोडलेला. तो ग्योंगजूला येतो, होगोंग नावाच्या मातब्बराचं घर त्याला आवडतं. रात्री गुपचूप तिथे धार लावायचे दगड आणि कोळसे पुरतो आणि सकाळी दावा ठोकतो: हे माझ्या पूर्वजांचं घर, आम्ही लोहार, खणून बघा. खणतात तर कोळसे निघतात! घर त्याला मिळतं. लबाडीची ही गोष्ट ‘सामगुक युसा’ कौतुकाने सांगते, ती काढून टाकत नाही. कारण तिच्या पोटात लोखंड जाणणाऱ्या, समुद्रमार्गे आलेल्या एका गटाची आठवण आहे. तिसरा किम आल्जी: सागीनुसार इ.स. ६५ मध्ये जंगलात झाडाला सोन्याची पेटी टांगलेली, खाली पांढरा कोंबडा आरवतोय. सोनं म्हणजे किम. त्या जंगलाचं नाव ग्येरिम, कोंबड्याचं रान, आणि ते शिल्लाचंही नाव झालं. आल्जी स्वतः राजा होत नाही. त्याच्या वंशातला पहिला राजा २६२ मध्ये, आणि ३५६ मध्ये गादीवर आलेल्या नेमुलपासून किम घराण्याची पकड कायमची. ग्योंगजूच्या मोठ्या मातीच्या टेकाडांसारख्या समाध्या आणि सोन्याचे मुकुट याच किम राजांच्या काळातले. म्हणून क्रम असा वाचावा: सत्ता आधी किमांची पक्की झाली, मग आधीच्या दोन कुळांनाही एकाच वंशावळीत पाळीपाळीने बसवलं. बाक आणि सोक कुळं पूर्ण पुसली नाहीत, कारण राण्या आणि मातब्बर मंडळी तिथूनच येत होती.

या कथांचा उपयोग ऐकणाऱ्यानुसार बदलतो. सातव्या शतकात मुन्मु राजाच्या स्मृतिशिलेवर किम घराण्याचा पूर्वज म्हणून सोन्याची पेटी नाही; हान दरबारात सन्मान मिळवलेल्या शियोंग्नू या भटक्या लोकांच्या राजपुत्राशी नातं जोडलंय. तांग साम्राज्याच्या नजरेला शोभेल असा पूर्वज. तेच घराणं, तेच शतक, वेगळा श्रोता.

किम बु-सिकलाही या कथा पटत नव्हत्या. शिल्लाच्या शेवटच्या राजाच्या नोंदीखाली तो सरळ लिहितो की सोन्याच्या पेटीतून उतरणं वगैरे विचित्र आणि अविश्वसनीय आहे, पण लोकांत परंपरेने चालत आलं आणि खरं मानलं गेलं. तरीही त्याने ते वगळलं नाही. नोंद ठेवणाराही साशंक होता, ही गोष्ट कथा ‘जशीच्या तशी खरी’ मानणाऱ्यांना क्वचितच सांगितली जाते.

आता ‘गाया’कडे वळू (दक्षिणेकडच्या छोट्या राज्यांचा समूह, त्यातलं एक गिम्हे इथलं), कारण आपल्याकडे सर्वाधिक विचारणा याच कथेची होते. युसामध्ये ‘गाराक देशाची नोंद’ आहे, मूळ १०७६ च्या सुमारास गिम्हेच्या एका अधिकाऱ्याने लिहिलेली. इ.स. ४२ मध्ये गुजी टेकडीवर आवाज येतो. नऊ प्रमुख आणि दोन-तीनशे लोक माती खणत, नाचत गातात: कासवा, डोकं बाहेर काढ, नाही काढलंस तर भाजून खाऊ. आकाशातून जांभळी दोरी, तिच्या टोकाला लाल कापडात सोन्याची पेटी, पेटीत सहा सोनेरी अंडी. पहिला निघाला तो सुरो, म्हणून तो मुख्य. उरलेले पाच इतर गायांचे राजे. इ.स. ४८ मध्ये लाल शिडाच्या जहाजातून सोळा वर्षांची हो ह्वांग-ओक येते आणि सांगते, मी आयुता देशाची राजकन्या.

आयुता म्हणजे अयोध्या, असं धरून २००१ मध्ये अयोध्येत स्मारक झालं आणि २०१८ मध्ये दक्षिण कोरियाच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी किम जुंग-सुक दीपोत्सवाला तिथे आल्या. आजच्या दोन देशांच्या मैत्रीचा पुरावा म्हणून हे ठीकच आहे. पहिल्या शतकातल्या प्रवासाचा पुरावा म्हणून मात्र ते टिकत नाही. एक तर शरयूकाठचं नगर त्या काळी मुख्यतः साकेत नावाने ओळखलं जाई. दुसरं, ‘आयुता’ची जी चिनी अक्षरं इथे आहेत, ती सातव्या शतकातल्या ह्युएन त्संगच्या प्रवासवर्णनातही भेटतात, बौद्ध ग्रंथ वाचणाऱ्या भिक्षूंना नाव ओळखीचं होतं. तिसरं, राजकन्येचं आडनाव ‘हो’ हे चिनी. सुरोच्या समाधीच्या दारावरच्या दोन माशांचा दाखलाही देतात, पण ते दार जोसॉन राजवटीतलं (१३९२ नंतरचं) आणि अवधचे मासे नवाबांच्या मुद्रेतले. आणि त्याच नोंदीत आहे की ४५२ मध्ये राणीच्या नावाने विहार बांधला. राणीला बौद्धांच्या पुण्यभूमीशी जोडण्याची गरज कधी निर्माण झाली, याचं उत्तर त्याच्या नंतरच्या काळात शोधावं.

मग कथेत उरतं काय? भरपूर. सुरोचा मृत्यू १९९ मध्ये, वय १५८. इ.स. ४२ पासून मोजा: तंतोतंत. म्हणजे वय आठवणीतून आलेलं नाही, सालांच्या वजाबाकीतून आलंय. गिम्हेच्या गायाचे राजे दहा आणि काळ ४२ ते ५३२: सरासरी ४९ वर्षं. सुरोला वेगळं काढलं तरी उरलेल्या नऊ जणांना प्रत्येकी ३७ वर्षं येतात. वंशावळ ताणली आहे ती इथेही. पण खलाशांना निरोप देतानाचा तपशील बघा: पंधरा जण, प्रत्येकाला दहा पोती तांदूळ आणि तीस तागे कापड. आणि हीच नोंद पुढे सांगते की दरवर्षी सातव्या महिन्याच्या २९ तारखेला स्थानिक लोक डोंगरावर तंबू ठोकतात, खातात-पितात, तरुण घोडे आणि होड्या पळवतात, आणि हे सगळं राणीच्या येण्याची वर्दी राजाला घाईने दिली गेली त्याची आठवण म्हणून. राणी आली त्याच महिन्याच्या २७ तारखेला. अंडी उतरली तो दिवसही वसंतातल्या शुद्धिस्नानाचा. म्हणजे आपल्या हाती जे आहे ते एका वार्षिक उत्सवाचं कथेत उतरलेलं रूप आहे: तंबू, होड्या, सामूहिक गाणं, माती खणणं. समुद्रमार्गे आलेल्या वधूचा तपशीलही उगाच नाही. तिसऱ्या शतकाची चिनी नोंद सांगते की या भागातून लोखंड निघे आणि जपानपर्यंत जाई, बाजारात ते नाण्यासारखं चाले. गिम्हेच्या देसोंग-दोंग थडग्यांत हे लोखंड उदंड सापडलंय. बंदरावर जगणाऱ्या राज्याची आदिमाता जहाजातून येणारच.

कथा टिकली कशी, हेही पाहा. गिम्हेचं गाया ५३२ मध्ये शिल्लाला शरण गेलं. त्याच्या शेवटच्या राजाचा पणतू किम यु-सिन शिल्लाचा सेनापती झाला आणि यु-सिनची बहीण मुन्मु राजाची आई. मुन्मुने ६६१ मध्ये सुरोची पूजा पुन्हा सुरू करण्याची आज्ञा दिली, आपला मातृवंश म्हणून. उलट गोर्योंगच्या देगायाची कथा वेगळी होती: गाया डोंगराची देवी आणि स्वर्गदेव यांचे दोन मुलगे, थोरला देगायाचा राजा, धाकटा सुरो. अंडी सहा नाहीत आणि गिम्हे थोरलं नाही. देगाया ५६२ मध्ये संपलं, त्याचे वारस असे उच्चपदी पोचले नाहीत, म्हणून ही कथा १५३० च्या एका भूगोलग्रंथात चार ओळींत कशीबशी उरली. ताल्हे आणि सुरो यांची गाठही दोन प्रकारे सांगतात. शिल्लाच्या बाजूने: सुरो स्वागताला ढोल वाजवत आला, ताल्हेचं जहाज पुढे निघून गेलं. गायाच्या बाजूने: ताल्हे गादी मागायला आला, रूपं बदलण्याच्या स्पर्धेत हरला, सुरोने पाचशे जहाजं मागे लावून पळवून लावलं. दोन्ही पाठभेद एकाच ग्रंथात आहेत. इरयोनला यात दुरुस्ती करावीशी वाटली नाही, हे आपलं भाग्य.

दान्गुन शेवटी ठेवला, कारण काळाने तो ‘सर्वांत जुना’ पण नोंदीने सर्वांत उशिराचा. युसानुसार स्वर्गदेव ह्वानिनचा मुलगा ह्वानुंग ३,००० अनुयायांसह वारा, पाऊस आणि ढग यांच्या अधिपतींना घेऊन थेबेक डोंगरावर पवित्र झाडाखाली उतरतो आणि माणसांची ३६० कामं बघतो. अस्वल आणि वाघ माणूस व्हायला मागतात. तो त्यांना दवण्याच्या जातीच्या कडू वनस्पतीची जुडी आणि वीस लसूण देतो: शंभर दिवस ऊन बघायचं नाही. वाघ टिकत नाही. अस्वल एकविसाव्या दिवशीच बाई होते. तिचा मुलगा दान्गुन. (एकवीस का? कोरियात बाळंतघराच्या दाराला गवताची दोरी बांधून एकवीस दिवस बाहेरच्यांना मज्जाव करण्याची चाल होती. कथेत चालीरीत अशी शिरते.)

‘ह्वानिन’ या नावाखाली इरयोनने स्वतः टीप दिली आहे: म्हणजे शक्र. ‘शक्र देवानाम् इंद्र’ याचं चिनी बौद्ध लिप्यंतर कोरियन उच्चारात ‘सोक-जे-ह्वान-इन’ होतं. त्याचे शेवटचे दोन वर्ण म्हणजे ह्वानिन. कोरियाच्या आदिदेवाच्या नावात आपला इंद्र बसलाय. मात्र यावरून ‘कोरिया भारतातून आला’ असा निष्कर्ष काढू नका. एवढंच सिद्ध होतं की स्वर्गदेवाचं मूळ कोरियन नाव काहीही असो, ते लिहिणारा हात बौद्ध होता. १५१२ च्या छपाईत ‘इन’चं अक्षर ‘देश’ या अर्थाच्या अक्षरासारखं दिसतं, त्यावरून ‘ह्वान-देश’ नावाचं महासाम्राज्य उभं करणारे आहेत. इरयोनच्या शक्राच्या टिपेने तो प्रश्न तिथेच निकालात निघतो.

१२८७ मध्ये ई सुंग-ह्युने लिहिलेल्या काव्यात अस्वल गायब! तिथे ह्वानुंग आपल्या नातीला औषध पाजून माणूस करतो आणि पवित्र झाडाच्या देवाशी तिचं लग्न लावतो. ‘दान’चं अक्षरही वेगळं: युसात यज्ञवेदीचं, इथे झाडाचं. दोन्ही नोंदी मंगोलांच्या वर्चस्वाखालच्या त्याच दशकातल्या. १२३१ पासून तीन दशकं देश जळत होता. शिल्लाचे, गोगुर्योचे, बेक्जेचे वेगळे पूर्वज आता पुरेसे नव्हते, सगळ्यांचा एक पूर्वज हवा होता. त्याआधी हा पुरुष काय होता, त्याचा माग सागीत लागतो: २४७ सालच्या नोंदीत प्योंगयांग हे ‘सिद्धपुरुष वांगगोमचं स्थान’ म्हटलंय, आणि दान्गुनचं पूर्ण नाव दान्गुन वांगगोम. प्योंगयांगचा स्थानिक देव साऱ्या देशाचा पूर्वज झाला तो असा.

इ.स.पू. २३३३ हे साल तर शुद्ध गणिताचं आहे. जुन्या नोंदीत ‘याओच्या पन्नासाव्या वर्षी, ग्योंगइन संवत्सरी’ असं आहे आणि इरयोन लगेच शंका घेतो: याओचं पन्नासावं वर्ष जोंगसा येतं, ग्योंगइन नाही. १४८५ च्या एका इतिहासग्रंथाने ‘याओचं पंचविसावं वर्ष, मुजिन’ असं ठरवलं आणि त्यातून २३३३ निघालं. म्हणजे एका पौराणिक चिनी सम्राटाच्या अंदाजी सालातून दुसरं अंदाजी साल. दक्षिण कोरियाने १९४८ ते १९६१ दान्गुन शक सरकारी व्यवहारात वापरला, त्या काळातली कागदपत्रं वाचताना लिहिलेल्या वर्षातून २३३३ वजा करा: ४२८३ म्हणजे १९५०. ३ ऑक्टोबरची ‘आकाश उघडल्या’ची सुट्टी अजून आहे. उत्तर कोरियाने १९९३ मध्ये प्योंगयांगजवळ दान्गुनची हाडं सापडल्याचं जाहीर करून ती ५,०११ वर्षांपूर्वीची असल्याचं सांगितलं. बाहेरच्या संशोधकांनी ते मानलेलं नाही. १९७९ मध्ये छापलेला ‘ह्वानदान गोगी’ही कोणी पुढे केला, तर इतिहासकार तो आधुनिक बनावट ग्रंथ मानतात एवढं लक्षात ठेवा.

प्राचीन जोसॉन नावाचं राज्य मात्र होतं, यात शंका नाही. चिनी इतिहासात ते स्पष्ट आहे: इ.स.पू. १९४ च्या सुमारास वि-मान नावाच्या माणसाने गादी बळकावली आणि इ.स.पू. १०८ मध्ये हान सैन्याने ते संपवलं. कांस्य खंजिरांच्या एका खास घाटाचा प्रसार त्याच्या प्रदेशाची रूपरेषा देतो. त्याच्या इतिहासासाठी खंजीर आणि चिनी नोंदी पाहाव्यात. अस्वलाची कथा हवी असेल तर तेराव्या शतकाचा गोर्यो वाचावा.